लोह कुणाचं? जंतूंची भूक, त्यांची मारकता आणि निकामी होणारी औषधं

(दारव्हा येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. व्याख्यानानंतरची निवडक प्रश्नोत्तरं शेवटी दिली आहेत.)



आजच्या विषयाचं नाव जड आहे, पण त्यातली मुख्य वस्तू तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरात आहे. शाळेत मुलांना आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी आणि गरोदर बाईला उपकेंद्रातून मिळणारी लाल गोळी, या दोन्ही लोहाच्या गोळ्या. आपल्याला त्यांची गरज आहे यात वाद नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला.

आता याच लोहावर आणखी कुणाचा डोळा आहे? आपल्याला आजारी पाडणाऱ्या जवळपास सगळ्या जिवाणूंचा. लोह मिळालं तर ते वाढतात, नाही मिळालं तर अडून बसतात. कोणता जंतू किती घातक ठरणार, हे बऱ्याचदा तो आपल्या शरीरातून लोह कसं पळवतो यावर ठरतं. आणि ज्या दारानं तो हे लोह आत घेतो, त्याच दारानं औषध आत घुसवण्याचा प्रयत्न गेल्या काही वर्षांत यशस्वी झाला आहे. आज एवढंच समजून घ्यायचं आहे. शेवटी आपल्या गोळ्यांकडेही येऊ.

लोह आहे, पण हाती लागत नाही

लोहाचा मोठा गुण असा की ते इलेक्ट्रॉन सहज देतं आणि सहज घेतं. अन्नातून ऊर्जा काढणं, डीएनएचे घटक तयार करणं, ही कामं या देवाणघेवाणीवर चालतात. माणसाला, झाडाला, बुरशीला, जिवाणूला, सगळ्यांना ते लागतं. पण हाच गुण धोक्याचाही आहे. मोकळं लोह रक्तात फिरू लागलं तर ते पेशींची नासधूस करतं. म्हणून शरीर त्याला मोकळं सोडतच नाही.

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असतं, म्हणजे एखाद्या लहान खिळ्याइतकं. त्यातलं दोन तृतीयांश तांबड्या पेशींच्या हिमोग्लोबिनमध्ये बंद असतं. बरंचसं यकृतात आणि इतर ठिकाणी फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या कोठारात असतं. रक्तातून इकडून तिकडे जायचं असेल तर ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन ते हाताला धरून नेतं. या ट्रान्सफेरिनची गंमत अशी की निरोगी माणसात त्याच्या साधारण एक तृतीयांशच जागा भरलेल्या असतात. बाकीच्या रिकाम्या. एखादा लोहाचा कण सुटलाच, तर त्याला पकडायला हे मोकळे हात तयार असतात. म्हणून रक्तात लोह भरपूर असूनही जिवाणूसाठी मोकळं लोह जवळजवळ शून्य असतं.

हे माणसाच्या लक्षात कसं आलं? कच्च्या अंड्यामुळे. १९४४ साली आर्थर शेड आणि लिओना कॅरोलाइन या अमेरिकेतल्या दोन संशोधकांना दिसलं की कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागात आमांशाचे जिवाणू वाढत नाहीत. त्यांनी एकेक पदार्थ घालून पाहिला. लोह घातलं तेव्हा जिवाणू पुन्हा वाढायला लागले. म्हणजे त्या पांढऱ्या भागात जंतूंना मारणारं विष नव्हतं, तिथे लोहाला धरून ठेवणारं प्रथिन होतं. दोन वर्षांनी, १९४६ साली, त्यांनी तसंच प्रथिन माणसाच्या रक्तातही दाखवलं. तेच ट्रान्सफेरिन.

कोंबडीनं पिल्लासाठी जी सोय केली, तीच आईच्या दुधातही आहे. बाळंतिणीच्या पहिल्या दुधात, म्हणजे चिकात, लॅक्टोफेरिन नावाचं लोह धरून ठेवणारं प्रथिन भरपूर असतं. जुन्या समजुतीपायी हा चीक पिळून टाकून देतात. तसं करू नका. बाळाच्या पोटात घातक जंतूंची उपासमार करणारी ही पहिली शिदोरी आहे.

ताप आला की कोठार बंद

जंतू शरीरात शिरले की शरीर ही तिजोरी आणखी घट्ट करतं. त्यासाठी यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. त्याचा शोध २००० सालाच्या आसपास लागला. हेपसिडिन वाढलं की आतड्यातून रक्तात येणारं लोह कमी होतं आणि कोठारातलं लोह कोठारातच अडतं. काही तासांत रक्तातलं लोह खाली येतं. जंतूला उपाशी ठेवण्याच्या या पद्धतीला शास्त्रात 'पोषण-प्रतिकार' म्हणतात.

याची किंमतही आहे. क्षयरोगासारखा आजार महिनोन्‌महिने चालला की कोठार भरलेलं असूनही रक्त बनवायला लोह मिळत नाही आणि माणूस पांढरा पडतो. अशा वेळी नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही. आधी मूळ आजार बरा करावा लागतो. म्हणून हिमोग्लोबिन कमी दिसलं की डॉक्टर 'का कमी आहे' हे विचारतात. तो प्रश्न टाळण्यासारखा नसतो.

जिवाणूची खेडा खरेदी

आता दुसऱ्या बाजूनं बघू. जिवाणू एवढासा, आणि लोह सगळं कुलपात. तो काय करतो?

आपल्याकडे कापसाच्या हंगामात काही व्यापारी बाजार समितीत वाट पाहत बसत नाहीत. गाडी आणि काटा घेऊन माणसं थेट गावात पाठवतात, खेडा खरेदी करतात. जिवाणूही तेच करतो. तो आपल्या शरीराबाहेर छोटे रेणू सोडतो. त्यांना सिडेरोफोर म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'लोह वाहून नेणारा'. हे रेणू रक्तात फिरतात, लोहाला गच्च धरतात आणि परत जिवाणूकडे येतात. जिवाणूच्या बाहेरच्या पडद्यावर त्या त्या सिडेरोफोरसाठी वेगळं फाटक असतं. आपला माल ओळखला की फाटक उघडतं.

आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूचा एंटेरोबॅक्टिन हा सिडेरोफोर १९७० साली सापडला. त्याची लोहावरची पकड इतकी घट्ट आहे की ट्रान्सफेरिनची पकड त्यापुढे फारच सैल म्हणावी लागेल. अशी पकड असेल तर आपण वाचतो कसे? आपल्याकडेही डाव आहे. आपल्या पांढऱ्या पेशी सिडेरोकॅलिन नावाचं प्रथिन सोडतात. ते लोहासकट एंटेरोबॅक्टिनलाच पकडून ठेवतं. चोरलेला माल वाटेतच जप्त!

यावर टायफॉइडच्या साल्मोनेलाचा प्रतिडाव बघा. तो त्याच एंटेरोबॅक्टिनला साखरेचे दोन रेणू चिकटवतो. आता तो रेणू सिडेरोकॅलिनच्या खाचेत बसत नाही. ओळख बदलली, माल सुटला. दुसरे काही जिवाणू अगदी वेगळ्या घडणीचे सिडेरोफोर बनवतात. एरोबॅक्टिन आणि यर्सिनियाबॅक्टिन ही त्यातली दोन नावं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

सगळेच असे दलाल पाठवत नाहीत. काही जिवाणू तांबड्या पेशी फोडून हिमोग्लोबिनमधलं लोह घेतात. मेंदूज्वर आणि परमा या रोगांचे नायसेरिया जिवाणू तर थेट ट्रान्सफेरिनलाच पकडून लोह हिसकावतात, आणि तेही माणसाच्याच. दुसऱ्या प्राण्याचं ट्रान्सफेरिन त्यांच्या कामाचं नाही. हे रोग माणसालाच का होतात, याचं एक कारण इथे आहे.

लोह कमी म्हणजे 'मुक्कामी पोचलो'

इथून मारकतेकडे येऊ. मारकता म्हणजे जंतूची आजार घडवण्याची ताकद.

जिवाणूसाठी लोहाची टंचाई ही भूक तर आहेच, पण खूणसुद्धा आहे. मातीत, पाण्यात, अन्नात लोह बऱ्यापैकी मिळतं. अचानक ते मिळेनासं झालं, तर त्याचा अर्थ असा की आपण कुणाच्या तरी शरीरात शिरलो आहोत. मग हत्यारं बाहेर निघतात.

घटसर्पाचं उदाहरण घ्या. घटसर्पात माणूस मरतो तो त्या जिवाणूच्या विषानं. १९३६ साली पॅपेनहायमर आणि जॉन्सन यांनी दाखवलं की प्रयोगशाळेतल्या द्रवात लोह जास्त असेल तर हा जिवाणू विष बनवतच नाही. लोह संपत आलं की विष भरभरून बनतं. पुढे यामागचं कारण कळलं. जिवाणूत एक प्रथिन असतं, ते लोहाला धरून विषाच्या जनुकावर झाकणासारखं बसतं. लोह गेलं की झाकण उघडतं. म्हणजे आपल्या शरीरानं जंतूला उपाशी ठेवायला लोह लपवलं, आणि जंतूनं त्यालाच हल्ल्याचा इशारा बनवलं. दोन्ही बाजू लाखो वर्षं एकमेकांचे डाव पाहून खेळत आल्या आहेत.

प्लेग: एका फाटकाची गोष्ट

हे सगळं महाराष्ट्राच्या इतिहासातल्या एका जंतूवर पडताळून बघू. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. तिथून तो पुण्यात आणि पुढे देशभर पसरला. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले त्याच रोगानं गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. आपल्या काळातही, १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण निघाले होते.

प्लेगचा जिवाणू, यर्सिनिया पेस्टिस, एवढा भयंकर का? कारणं अनेक आहेत. त्यातलं एक मोठं कारण यर्सिनियाबॅक्टिन, म्हणजे त्याचा लोहाचा दलाल. इंग्लंडमध्ये जॅक्सन आणि बरोज या संशोधकांनी १९५६ साली एक प्रयोग केला. त्यांच्याकडे प्लेगचे काही दुबळे वाण होते. ते टोचले तरी उंदीर सहसा मरत नसत. पण उंदराला सोबत लोह टोचलं की तेच दुबळे वाण पुन्हा मारक ठरले. पुढे उलगडा झाला की या वाणांत लोह मिळवण्याची जनुकंच गळून गेली होती. जंतू मूळचाच होता, फक्त त्याला लोह मिळवता येत नव्हतं. ते बाहेरून मिळालं आणि तो परत पूर्वीसारखा झाला.

माणसाच्या बाबतीत हेच अतिशय दुःखद रीतीनं समोर आलं. सप्टेंबर २००९ मध्ये शिकागो विद्यापीठातले जनुकशास्त्रज्ञ माल्कम कॅसाडाबन यांचा मृत्यू झाला. ते प्लेगच्या अशाच दुबळ्या केलेल्या वाणावर काम करत होते. त्या वाणानं निरोगी माणूस मरेल असं कुणालाच वाटत नव्हतं. शवविच्छेदनात कळलं की त्यांना हिमोक्रोमॅटोसिस हा आनुवंशिक आजार होता, त्यात शरीरात लोह साठत जातं. ज्या जंतूला लोहाचं कुलूप उघडता येत नव्हतं, त्याला इथे तिजोरीच उघडी सापडली, असं त्यांच्या मृत्यूचं स्पष्टीकरण दिलं जातं.

मारकता ही एकट्या जंतूत नसते. जंतू आणि त्याला मिळालेलं शरीर, या दोघांच्या मेळातून ती ठरते.

मारक आणि बेदाद, दोन्ही एकात

आता प्रतिरोधाकडे वळू. प्लेगवर स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन ही औषधं उत्तम चालतात. पण १९९५ साली मादागास्करमध्ये एका रुग्णात असा प्लेगचा जिवाणू सापडला, ज्यावर ही नेहमीची बरीच औषधं चालत नव्हती. प्रतिरोधाची जनुकं त्याच्याकडे प्लाझ्मिडवर होती. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं छोटं वेगळं कडं. एक जिवाणू ते दुसऱ्याला देऊ शकतो, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलासुद्धा.

प्रतिरोध म्हणजे काय हे यवतमाळ जिल्ह्याला शिकवायची गरज नाही. बीटी कपाशी आली तेव्हा गुलाबी बोंडअळी मरत होती. काही वर्षांत बीटी पचवणाऱ्या अळ्याच मागे उरल्या, आणि २०१७ च्या हंगामात काय झालं ते तुम्ही भोगलं आहे. औषध सगळ्यांना मारतं, न मरणारे उरतात, त्यांचीच पैदास वाढते. जंतूंचंही असंच होतं. फरक एवढाच की अळीला एका पिढीला काही आठवडे लागतात, जिवाणूला वीस-तीस मिनिटंही पुरतात. शिवाय ही अवजारं तो शेजाऱ्याला देतोही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मारकता वेगळी आणि प्रतिरोध वेगळा. जंतू अतिशय मारक असूनही साध्या औषधानं मरू शकतो. दुसरा एकाही औषधाला दाद देत नाही, पण धडधाकट माणसाला काही करू शकत नाही, फक्त अतिदक्षता विभागातल्या दुबळ्या रुग्णाला गाठतो. बराच काळ हे दोन गट बऱ्यापैकी वेगळे होते.

क्लेब्सिएला न्यूमोनिए या जिवाणूत हे दोन्ही गट स्पष्ट दिसतात. दवाखान्यात सापडणारा क्लेब्सिएला औषधांना दाद न देण्याबद्दल कुप्रसिद्ध. 'एनडीएम' हे नाव तुम्ही वाचलं असेल. कार्बापेनेम या राखीव औषधांना तोडणारं हे विकर, २००८ साली स्वीडनमधल्या एका रुग्णाच्या क्लेब्सिएलात सापडलं. तो रुग्ण आधी नवी दिल्लीत उपचार घेऊन गेला होता, म्हणून विकराच्या नावात ते शहर आलं. याच जिवाणूचा दुसरा गट १९८० च्या दशकात तैवानमध्ये लक्षात आला. तो घराबाहेर हिंडणाऱ्या धडधाकट माणसालाही गाठतो, यकृतात गळू करतो, डोळ्यापर्यंत आणि मेंदूपर्यंत पोचतो. प्रयोगशाळेत त्याच्या ठिपक्याला सुई लावून उचललं तर एकतारी पाकासारखी तार निघते. त्याच्या मारकतेमागे चिकट आवरण आहे, आणि मुख्य म्हणजे एरोबॅक्टिन आहे. लोहाचा तोच दलाल, जो आपल्या सिडेरोकॅलिनच्या हाती लागत नाही. त्याची जनुकं एका मोठ्या प्लाझ्मिडवर असतात.

आता धोका कुठे आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल. प्रतिरोध प्लाझ्मिडवर, लोहाची चोरीही प्लाझ्मिडवर. ही दोन कडी एकाच जिवाणूत आली तर? तसं झालं आहे. २०१६ साली चीनच्या हांगचौ शहरातल्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेले पाच रुग्ण अशा क्लेब्सिएलानं दगावले. औषधांना दाद न देणाऱ्या वाणानं मारकतेचं प्लाझ्मिड घेतलं होतं. जुलै २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अतिमारक क्लेब्सिएलाबद्दल जगाला सावध केलं. हा जंतू आपल्याकडे आढळल्याचं १६ देशांनी कळवलं होतं. त्यात भारत आहे.

वरातीतून आत शिरणारं औषध

मग उपाय काय? दाराकडे परत चला.

क्लेब्सिएला, ई. कोलाय यांसारख्या जिवाणूंना दुहेरी पडदा असतो. बरीच औषधं बाहेरच्या पडद्यावरच अडतात. जी शिरतात त्यांना जिवाणू पंप लावून बाहेर फेकतो किंवा विकरानं तोडतो. पण लोहाचं फाटक त्याला उघडावंच लागतं, विशेषतः आपल्या रक्तात, जिथे लोहाची टंचाई आहे. तेव्हा औषधालाच लोहाचा वेश दिला तर?

शिवाजी महाराजांची माणसं लग्नाच्या वरातीत मिसळून पुण्यात शिरली आणि लाल महालात शाहिस्तेखानापर्यंत पोचली, ही १६६३ सालची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पहारेकऱ्यांनी वरात पाहिली, वाट दिली. नवं औषध असंच आहे. त्याचं नाव सेफिडेरोकॉल. शिओनोगी या जपानी कंपनीनं ते तयार केलं, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मूळ औषध सेफॅलोस्पोरिन गटातलं, ओळखीचं. त्याला लोह पकडणारा एक हात जोडला आहे. ते रक्तात लोह धरतं, जिवाणू त्याला आपलाच लोहवाहक समजून फाटक उघडतो, आणि आत गेल्यावर ते त्याच्या भिंतीचं बांधकाम बंद पाडतं.

ही कल्पना माणसाची पहिली नाही. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू शेजाऱ्यांना मारण्यासाठी लोहवाहकाला विष जोडून पाठवत आले आहेत. अल्बोमायसिन हे त्याचं उदाहरण विसाव्या शतकाच्या मध्याला सापडलं होतं.

पण याला रामबाण समजू नका. कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या जंतूंवरच्या एका चाचणीत सेफिडेरोकॉल घेतलेल्या रुग्णांमध्ये, विशेषतः ॲसिनेटोबॅक्टर या जंतूचा संसर्ग असलेल्यांत, मृत्यू जास्त दिसले. त्यामुळे औषधाच्या माहितीपत्रकात तसा इशारा आहे. एनडीएम असलेल्या काही जंतूंवर ते कमी पडतं. आणि जिवाणूही शिकतो. काहींनी ते फाटकच बिघडवून घेतलं. त्यांना थोडी लोहाची चणचण सोसावी लागते, पण बहुतेकांकडे दुसरी फाटकं असतात. आपलं काम त्यांची ही चणचण वाढवण्याचं आहे. त्यासाठी हे औषध गरज असेल तिथेच, तपासणी करूनच वापरायला हवं. नाही तर वरात ओळखायला पहारेकरी लवकरच शिकतील.

आपल्यापुरतं काय?

लोह आणि संसर्ग यांच्या नात्याचे पुरावे माणसांवरही आहेत. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोह कमी असलेल्या सोमाली भटक्या लोकांपैकी काहींना लोह दिलं, काहींना बिनऔषधी गोळी. लोह न मिळालेल्या गटात संसर्गाचे ७ प्रसंग घडले, लोह मिळालेल्या गटात ३६. त्यात दबलेला मलेरिया आणि क्षयरोग उफाळल्याची उदाहरणं होती. २००६ साली टांझानियाच्या पेम्बा बेटावरच्या मोठ्या चाचणीत, जिथे मलेरिया जोरात आहे तिथे, लोह आणि फॉलिक ॲसिड दिलेल्या लहान मुलांत गंभीर आजार आणि मृत्यू जास्त दिसले. पण त्याच सुमारास नेपाळात, जिथे मलेरियाचा तसा प्रश्न नव्हता, अशा मोठ्या चाचणीत हे नुकसान दिसलं नाही.

आपल्या भागाशी जोडलेली आणखी एक गोष्ट. विदर्भात सिकलसेल आहे. काही रुग्णांना वारंवार रक्त चढवावं लागतं, आणि प्रत्येक पिशवीबरोबर लोह येतं. ते बाहेर काढायला डेस्फेरिऑक्सामिन हे इंजेक्शन वापरतात. गंमत म्हणजे हे औषध मुळात एका स्ट्रेप्टोमायसिसचा सिडेरोफोरच आहे. यर्सिनिया एंटेरोकोलिटिका नावाच्या जंतूला तो वापरता येतो. म्हणून या इंजेक्शनवर असलेल्या रुग्णाला ताप, पोटदुखी, जुलाब झाले तर घरी थांबू नये, लगेच डॉक्टरांना सांगावं. २०२१ साली महाराष्ट्रानं पाहिलेली काळी बुरशी ही जिवाणू नव्हती, पण तिथेही लोहाचा हात होता. मधुमेह बिघडून रक्त आम्ल झालं की ट्रान्सफेरिनची पकड सैल पडते आणि बुरशीला लोह मिळतं.

प्रतिजैविकांबद्दल थोडक्यात. पाकिटावर लाल उभी रेघ असेल तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. सर्दी-पडशावर प्रतिजैविकाचा उपयोग नसतो, कारण ते बहुधा विषाणूंमुळे होतं. गंभीर संसर्गात डॉक्टरांनी रक्ताचं किंवा लघवीचं कल्चर सांगितलं, तर तो खर्च वाया जात नाही. कोणतं औषध चालेल हे त्यातूनच कळतं. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका.

आता तुमचे प्रश्न.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न (एक ताई): सर, मंग लोहाच्या गोया बंद करा लागते का?*

नाही ताई, बिलकुल नाही. हाच गैरसमज घेऊन कुणी घरी जाऊ नये. आपल्याकडे लोहाच्या कमतरतेनं होणारं नुकसान फार मोठं आहे. बाळंतपणात रक्तस्राव झाला तर आधीच रक्त कमी असलेली बाई तो सोसू शकत नाही. कमतरतेनं आपली प्रतिकारशक्तीही दुबळी होते. गरोदरपणात आणि शाळेत मिळणाऱ्या गोळ्या घ्यायच्याच. जपायचं ते वेळेला. जोराचा ताप, मोठा संसर्ग असेल तर शिरेतून लोह देणं डॉक्टर सहसा पुढे ढकलतात. गोळी चालू ठेवायची की चार दिवस थांबायचं, हे त्यांना विचारा. स्वतः ठरवू नका.

*प्रश्न: लोखंडी तव्यावर, कढईत केलेलं जेवण जंतूंना पोसतं का हो?*

नाही. निरोगी शरीर हवं तेवढंच लोह आत घेतं, दिवसाला साधारण १ ते २ मिलिग्रॅम, आणि ते लगेच ट्रान्सफेरिनच्या हाती जातं. लोखंडी कढई खुशाल वापरा.

*प्रश्न: लोहाची गोळी आणि प्रतिजैविक एकत्र घेतलं तर चालतं?*

फार महत्त्वाचं विचारलंत. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी औषधं पोटातच लोहाला चिकटतात आणि मग रक्तात कमी जातात. म्हणजे औषध घेतलं, पण पुरेसं पोचलं नाही. अपुऱ्या औषधात जंतू मरत नाही, उलट तरबेज होतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिन लोहाच्या गोळीच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचं असतं. डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्याला 'मी लोहाची गोळी घेतो' हे आठवणीनं सांगा. आणि लोहाची गोळी चहाबरोबर नको. चहा लोहाला अडवतो.

*प्रश्न: गुराढोरांच्या औषधांचा याच्याशी संबंध आहे का?*

आहे. जनावरांत, कोंबड्यांत वाढलेला प्रतिरोध शेणातून, पाण्यातून, मांसातून आपल्यापर्यंत येऊ शकतो. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटच्या फळीतलं औषध. ते कोंबड्या आणि जनावरांच्या खाद्यात वाढीसाठी घालत असत. जुलै २०१९ मध्ये भारत सरकारनं जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आणली. गाय आजारी पडली तर पशुवैद्याला दाखवा, पण नुसतं अंग धरावं म्हणून प्रतिजैविक नको.

*प्रश्न: जंतूचं लोहच तोडलं, तर औषधाची गरजच उरणार नाही, असं होईल का?*

प्रयत्न चालू आहेत. लोहाला धरणारे पदार्थ देणं, लोहासारखाच दिसणारा पण जंतूच्या कामाचा नसलेला गॅलियम हा धातू वापरणं, असे प्रयोग होत आहेत. अडचण ही की लोह आपल्यालाही लागतं, आणि आताच पाहिलं तसं एखादा जंतू आपल्या औषधालाच लोहवाहक बनवतो. त्यामुळे इतक्यात तरी हे जुन्या औषधांची जागा घेणार नाही. हाती आहेत ती औषधं जपून वापरणं, हे आज आपल्याला जमण्यासारखं आहे. तेवढं केलं तरी पुढच्या औषधाला वेळ मिळेल.